सिद्धांत सुंदर आहे, पण त्याचा आकडा कुठे आहे?

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील पदार्थविज्ञानाचे शिक्षक आणि प्राध्यापक,
तसेच विज्ञान दिनाला व्याख्याने, प्रश्नमंजूषा आणि प्रदर्शने भरवणारी सर्व मंडळे

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांची आखणी आता सुरू होईल. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून आपण हा दिवस पाळतो. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग बदलून बाहेर पडतो, आणि हा बदल किती हे मोजता येते. लेझर आणि बरा स्पेक्ट्रोमीटर असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत तो आजही पुन्हा दाखवता येतो. त्याच दिवशी, त्याच मंचावरून “विश्व अकरा मितींचे आहे”, “जन्मताच विश्व एका क्षणात प्रचंड फुगले”, “आपल्यासारखी असंख्य विश्वे आहेत” ही वाक्येही रामन परिणामाच्याच सुरात सांगितली जातात. व्याख्यान हुतात्मा स्मृती मंदिरात असो की बार्शी-अक्कलकोटच्या एखाद्या शाळेत, समोर बसलेल्या अकरावीच्या मुलीला या दोन प्रकारच्या विधानांतला फरक कळायला काही मार्गच उरत नाही. आमचे म्हणणे या सुराबद्दल आहे.

स्ट्रिंग थिअरी (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची कंपने), सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण), इन्फ्लेशन (जन्मताच विश्वाचे प्रचंड फुगणे) हे विषय मुलांना सांगूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. जरूर सांगावेत. पण प्रत्येक वेळी सिद्धांताने कोणता आकडा दिला, तो कोणी कशाने मोजला आणि मोजल्यावर काय निघाले, हेही सांगावे. मोजलेलेच नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. यासाठी आमच्या मते सगळ्यात चांगले उदाहरण प्रोटॉनच्या क्षयाचे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडच्या व्याख्यानांत क्वचित येते.

१९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी एसयू-पाच नावाची रचना मांडली. विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र ही तिन्ही बले एकाच गणितात बसत होती. गणित इतके नेटके होते की अनेकांना ते खरे असणारच असे वाटले. पण या सिद्धांताने स्वतःच्या गळ्याला फास लागेल असा एक आकडाही दिला. प्रोटॉन कायमचा टिकाऊ नाही, आणि त्याचे सरासरी आयुष्य वर्षांमध्ये मोजले तर साधारण १० चा २९ वा ते ३१ वा घात असेल, असे त्यातून निघत होते. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे, मग एवढी वाट कोण पाहणार? पण एका प्रोटॉनकडे एवढी वर्षे पाहत बसण्याऐवजी प्रचंड संख्येने प्रोटॉन एकत्र ठेवून एक वर्ष पाहिले तरी काम भागते.

हे गणित बारावीच्या वर्गात पंधरा मिनिटांत होते. पाण्याचा रेणुभार १८, म्हणून एक ग्रॅम पाण्यात ॲव्होगाड्रो संख्येचा अठरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३.३५ गुणिले १० चा २२ वा घात इतके रेणू. एका रेणूत प्रोटॉन दहा: ऑक्सिजनचे आठ, दोन हायड्रोजनचे दोन. म्हणजे ग्रॅमला ३.३५ गुणिले १० चा २३ वा घात प्रोटॉन. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे शोधकात ५०,००० टन अतिशुद्ध पाणी आहे. सोलापूरकरांच्या हिशेबात सांगायचे तर दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. टाकीच्या कडेजवळच्या घटना बाहेरून आलेल्या कणांच्या असू शकतात, म्हणून हिशेबाला आतले २२,५०० टनच धरतात. त्यात प्रोटॉन होतात सुमारे ७.५ गुणिले १० चा ३३ वा घात. आयुष्य १० चा ३१ वा घात इतकी वर्षे असेल तर वर्षाला सुमारे ७५० प्रोटॉन फुटायला हवेत. शोधक प्रत्येक घटना पकडू शकत नाही. पॉझिट्रॉन आणि पायॉन हे हलके कण देणाऱ्या क्षयात निम्म्याहून थोड्या कमी घटना हाती लागतात. तरी वर्षाला तीनशेच्या आसपास दिसल्या पाहिजेत. सुपर-कामिओकांडे १९९६ पासून पाहते आहे. खात्रीची एकही घटना नाही. आता या क्षयासाठी प्रोटॉनचे आयुष्य १० चा ३४ वा घात वर्षांहून जास्त असले पाहिजे, एवढी मर्यादा येऊन ठेपली आहे.

या शोधात आपल्या देशाचाही वाटा आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी लोखंडी पट्ट्यांचा १४० टनांचा शोधक उभा केला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रोटॉन क्षयासारख्या दिसणाऱ्या काही घटना नोंदवल्या. अमेरिकेतल्या मिठाच्या खाणीतल्या कितीतरी मोठ्या पाण्याच्या शोधकाला तसे काही आढळले नाही. खोल खाणीतही वातावरणातून आलेले न्यूट्रिनो नावाचे भेदक कण पोचतात आणि त्यांच्या धडकेचे चित्र कधी कधी प्रोटॉन फुटल्यासारखेच दिसते. एवढ्या छोट्या शोधकात दोन-चार घटनांवरून निवाडा करणे कठीण असते, ते यामुळे. कोलारच्या लोकांनी चूक केली असे यातून निघत नाही. त्यांनी जे दिसले ते मांडले, मोठ्या शोधकाने ते तपासले. मूळचा साधा एसयू-पाच सिद्धांत बाद झाला, कारण बाद होण्याची सोय त्याच्यातच होती.

आता स्ट्रिंग थिअरी याच कसोटीला लावून पाहा. १९७४ मध्ये या गणितातून गुरुत्वाकर्षणाचा कण आपोआप बाहेर पडतो हे लक्षात आले. १९८४ मध्ये मायकेल ग्रीन आणि जॉन श्वार्झ यांनी दहा मितींमध्ये त्यातल्या जीवघेण्या गणिती विसंगती एकमेकींना छेदून जातात हे दाखवले, आणि तरुण संशोधकांचा लोंढा तिकडे वळला. १९९५ मध्ये एडवर्ड विटन यांनी पाच वेगवेगळ्या स्ट्रिंग थिअरी एकाच अकरा-मिती सिद्धांताची (एम-थिअरीची) रूपे असावीत असे मांडले. प्रश्नमंजूषेतले “अकरा” येथून आले आहे. ती या गणिताची गरज आहे. मोजपट्टी लावून कोणी अकरा मिती मोजलेल्या नाहीत.

मोजायच्या म्हटल्या तर काय लागेल? स्ट्रिंगची लांबी प्लँक लांबीच्या (गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम जिथे महत्त्वाचे होतात त्या अतिसूक्ष्म लांबीच्या) जवळपास असेल असे धरले, तर तेथवर पोचायला १.२ गुणिले १० चा १९ वा घात इतके जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा हवी. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची आजची ऊर्जा १३.६ टीईव्ही, म्हणजे १३,६०० जीईव्ही. फरक सुमारे नऊ कोटी कोटी पट. त्या यंत्राचा घेर २७ किलोमीटर आहे. चुंबके तीच ठेवली तर ऊर्जा घेराच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अडीच हजार प्रकाशवर्षांहून मोठ्या घेराचे यंत्र बांधावे लागेल.

याहून मोठी अडचण वेगळी आहे, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. दहा मितींतल्या सहा मिती गुंडाळून लपवायच्या, तर त्या गुंडाळण्याच्या पद्धती किती? २००३ मध्ये चार शास्त्रज्ञांनी एक गाजलेला लेख लिहिला, त्यांपैकी संदीप त्रिवेदी हे मुंबईच्या टाटा संस्थेतले. आपल्या विश्वासारखी अगदी थोडी, धन निर्वात ऊर्जा (रिकाम्या जागेचीच ऊर्जा) असलेली रचना कशी उभी करता येईल, ते त्या लेखात दाखवले आहे. अशा शक्य रचनांची संख्या १० चा ५०० वा घात असावी असा त्या काळात पुढे आलेला अंदाज आजही सांगितला जातो. सोलापूरच्या मागावर बसलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. जकार्डाला कोणत्या छिद्रांची कार्डे लावली त्यावर चादरीची नक्षी ठरते. समजा कार्डांचे संच मोजता येणार नाहीत इतके आहेत आणि कोणता संच लावला हे सांगायला कोणी नाही. मग बाहेर आलेली नक्षी मोराची असो की वेलीची, “आमच्या मागावर हे निघू शकते” एवढेच उत्तर मिळणार. मागाची परीक्षा त्यातून होत नाही. खुद्द स्ट्रिंग थिअरीच्या अभ्यासकांमध्येच कमरून वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ पासून वेगळीच शंका काढली आहे, की अशा धन ऊर्जेच्या टिकाऊ रचना या गणितात मुळात बसतात तरी का. वाद आत इतका खोल आहे, आणि बाहेर पोस्टरवर मात्र विधान पूर्णविरामासह छापले जाते.

या विषयाने काही दिलेच नाही असे म्हणणे अन्याय ठरेल. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंगर आणि वाफा यांनी एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी सूक्ष्म अवस्था मोजून काढली आणि ती हॉकिंग-बेकेनस्टाइन यांच्या सूत्राशी तंतोतंत जुळली. अशोक सेन यांच्यासारख्या भारतीय शास्त्रज्ञाचे काम जगभर पायाभूत मानले जाते. ही गणिताची मोठी मिळकत आहे. ती निसर्गाबद्दलची पडताळलेली माहिती आहे का, हा निराळा प्रश्न.

“गुरुत्वीय लहरींनाही शंभर वर्षे लागली, धीर धरा,” असे उत्तर यावर हमखास येते. हे उत्तर आम्हाला पटत नाही. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये लहरी मांडल्या, १४ सप्टेंबर २०१५ ला त्या थेट सापडल्या हे खरे. पण मधल्या काळात सिद्धांत आकडे देत होता. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना ७.७५ तासांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी सापडली. लहरींमुळे ऊर्जा कमी होऊन त्यांचा भ्रमणकाळ वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटला पाहिजे असे गणित सांगत होते. निरीक्षणाशी ते अर्ध्या टक्क्याच्याही आत जुळले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहणार आहेत, त्या या भरवशावर. कोणता संकेत, किती मोठा आणि कोणत्या उपकरणात, हे आधीपासून माहीत असेल तर धीर धरण्यात अर्थ असतो.

सुपरसिमेट्रीची गोष्ट थोडक्यात सांगतो. हिग्ज कण २०१२ मध्ये १२५ जीईव्हीला सापडला. त्याचे वस्तुमान इतके कमी का राहते याचे कारण म्हणून प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा, आणि तो साधारण एक टीईव्हीच्या आसपास सापडावा, अशी फार मोठ्या वर्गाची अपेक्षा होती. नेहमीच्या गृहीतकांनुसार ग्लुइनोसारख्या जोडीदाराची शोधमर्यादा आज दोन टीईव्हीच्या पुढे गेली आहे आणि सापडले काहीच नाही. जोडीदार जड होत गेले की मूळ कारणच पातळ होते, कारण लागणारी जुळवाजुळव वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वस्तुमान चौपट, तर जुळवाजुळव सोळापट. तरीही “थोडे अजून वर असतील” म्हणायला सिद्धांतात जागा आहे. एसयू-पाचला ही सवलत नव्हती.

इन्फ्लेशनच्या बाबतीत मात्र घाई करू नये. ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या कल्पनेतून मोजता येणाऱ्या काही गोष्टी निघाल्या आणि त्या बऱ्याच जुळल्याही. विश्वाच्या सुरुवातीच्या घनतेतले चढउतार सगळ्या आकारांना अगदी सारखे नसून किंचित कललेले असावेत असे साध्या प्रारूपांतून निघते. प्लँक उपग्रहाने तो कल मोजला, आकडा सुमारे ०.९६५ आला, आणि सारखेपणाचा १ हा आकडा स्पष्टपणे नाकारला गेला. पण “इन्फ्लेशन झाले” हे विधान अजून त्या पायरीवर पोचलेले नाही. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-दोन या दुर्बिणीच्या गटाने आद्य गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. वर्ष पुरे होण्याआधी दावा मागे पडला. कारण समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी मोजमाप एकाच, १५० गिगाहर्ट्झ वारंवारितेवर घेतले होते. आपल्या आकाशगंगेतली धूळही प्रकाशाला अगदी तसलेच वळणदार ध्रुवीकरण देते. धुळीचा प्रकाश वरच्या वारंवारितेला झपाट्याने वाढतो, महास्फोटातून उरलेल्या आद्य प्रारणाचा तसा वाढत नाही. म्हणून दोहोंत फरक करायला किमान दोन वारंवारिता हव्यात. प्लँकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नोंदी जोडल्यावर धूळच पुढे आली. या लहरींच्या प्रमाणाचा तेव्हा ०.२ सांगितलेला आकडा आता ०.०३६ हून कमी असलाच पाहिजे, असे २०२१ च्या मोजमापाने ठरले. साधी, पुस्तकात पहिली येणारी इन्फ्लेशनची काही प्रारूपे त्यात बाद झाली. पण प्रारूपे शेकडो आहेत, उरलेली चालूच आहेत. या कल्पनेच्या उभारणीत वाटा असलेले पॉल स्टाइनहार्ट हेच आज तिचे कडक टीकाकार आहेत. २०१७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या टीकेला गूथ, हॉकिंग, विटन अशा ३३ शास्त्रज्ञांनी एकत्रित पत्राने उत्तर दिले. दोन्ही बाजू मुलांना वाचायला द्याव्यात.

याच संदर्भात कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची आठवण व्हावी. स्थिर स्थितीच्या विश्वाची बाजू त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत लढवली आणि ती बाजू मागे पडली. पण तो सिद्धांत ठाम बोलत होता: विश्व कोणत्याही काळी पाहा, सारखेच दिसेल. म्हणूनच १९६५ मध्ये सापडलेले वैश्विक प्रारण, म्हणजे वर आलेले आद्य प्रारण, त्याला धक्का देऊ शकले. त्याच नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार शंभर आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम शंभर मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, २७ ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या, आणि किती बरोबर आल्या तर दावा खरा मानायचा ते आधीच जाहीर केले. सरासरी यश ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तरी ५० आले असते. निकष निकालाआधी जाहीर करण्याची ही पद्धत पत्रिकेला लागू आहे तशीच पेपरात छापून आलेल्या नव्या कणालाही लागू आहे.

डार्क मॅटरबद्दल फक्त दोन वाक्ये वेगळी ठेवायला सांगतो. आकाशगंगांचे फिरणे, दीर्घिकासमूह आणि वैश्विक प्रारण यांत गुरुत्वाकर्षणाचा जो जादा परिणाम दिसतो तो मोजलेला आहे. ते द्रव्य “विम्प” कणांचे (जड, पण इतर द्रव्याशी जवळजवळ न भिडणाऱ्या कल्पित कणांचे) आहे हे मोजलेले नाही. दक्षिण डकोटात दीड किलोमीटर खोल ठेवलेल्या सात टन द्रव झेनॉनच्या शोधकातही असा कण आजवर आलेला नाही.

या सगळ्याचा गैरफायदा घेणारेही आहेत. “शास्त्रज्ञांनाच ठाऊक नाही” असे म्हणत सापेक्षता खोटी ठरवणारी पत्रके आणि “क्वांटम ऊर्जा” विकणारी शिबिरे याच फटीतून आत शिरतात. स्ट्रिंग थिअरी पडताळलेली नाही, याचा अर्थ महास्फोटाचे पुरावे डळमळीत झाले असा होत नाही. विश्वाचे प्रसरण, २.७२५ केल्व्हिनचे प्रारण आणि सुमारे एक चतुर्थांश हेलियम हे मोजलेले आहे. म्हणून सरसकट शंका शिकवू नका, कोणते विधान कोणत्या पायरीवर आहे ते शिकवा.

आता आमच्या मागण्या. व्याख्यात्यांना निमंत्रण पाठवतानाच विचारा: आपण सांगणार असलेल्या सिद्धांतातून कोणता आकडा निघतो, तो कोणत्या उपकरणाने मोजला किंवा मोजला जाईल, काय निघाले तर आपण सिद्धांत सोडाल, आणि त्यात मनाप्रमाणे फिरवता येणाऱ्या किती खुंट्या आहेत. उत्तरे एका पानावर घेऊन सभागृहाच्या दारात लावा. तासाभराच्या व्याख्यानात वीस मिनिटे प्रश्नांना राखा. शेवटची पाच मिनिटे ठेवली की ती हार-तुऱ्यांत जातात. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत “हे कसे तपासले” याला किमान पाचवा हिस्सा द्या. प्रश्नमंजूषेतले प्रश्न नीट लिहा. “विश्व किती मितींचे आहे?” हा प्रश्न चुकीचा आहे, “एम-थिअरीच्या गणिताला किती मिती लागतात?” हा बरोबर. “डार्क मॅटर कोणत्या कणांचे बनले आहे?” याला आज उत्तर नाही, तेव्हा त्याला चार पर्याय देऊ नका.

आणि वर्गात एक खेळ घ्या. साठ मुलांना प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवून निकाल वहीत लिहायला सांगा. सहाही वेळा छापा येण्याची एकेकाची शक्यता चौसष्टात एक. तरी वर्गात कोणाला तरी तसे येण्याची शक्यता ६१ टक्के असते. मग म्हणा, “सहाही काटे आले तरी चालेल.” निकष एवढाच सैल केला की ६१ चे ८५ होतात. डिसेंबर २०१५ मध्ये कोलायडरच्या दोन शोधकांत ७५० जीईव्हीला एक उंचवटा दिसला होता. त्या एका जागेपुरता तो ठळक वाटत होता, पण शोधाची सगळी जागा हिशेबात घेतली की ठळकपणा दोन सिग्माच्या (सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगापासूनचे अंतर मोजायचे माप) आसपास उरत होता. आठ महिन्यांत त्यावर सुमारे पाचशे शोधलेख निघाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त नोंदी आल्यावर उंचवटा विरला. खेळात दोन गोष्टी बिघडतात: मुले नको तो निकाल आला की “हातातून पडले” म्हणून पुन्हा उडवतात, आणि लिहायचे शेवटी ठेवतात. प्रत्येक फेकीनंतर लगेच पेनाने लिहायला लावा, खाडाखोड चालणार नाही हे आधी सांगा.

पाण्यातल्या प्रोटॉनांचे गणित आणि हा खेळ एकेका तासिकेत बसतो. दोन्हींचे मराठी कार्यपत्रक आम्ही तयार केले आहे. २८ फेब्रुवारीची पत्रके छापायला देण्याआधी मागवलेत तर प्रश्नमंजूषेचे प्रश्नही सोबत तपासून देऊ.

आपले,
सोलापुरातील पदार्थविज्ञानाचे काही शिक्षक व अभ्यासक